दूरचा संगणक आणि आपले अक्षर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान. स्मरणिकेच्या वाचकांसाठी लिहून काढले आहे.)



आजचा विषय कानाला जड वाटेल, याची मला कल्पना आहे. दूर ठेवलेल्या लिनक्स संगणकाचा पडदा आपल्या हातातील कोणत्याही यंत्रावर उघडून देणारे सॉफ्टवेअर कसे तयार होते, हा तो विषय. पालकांना वाटेल, आमच्या संसाराशी याचा काय संबंध? म्हणून आधी एक प्रसंग सांगतो.

अकोला जिल्ह्यातील एका खेड्यातले पालक प्रवेशाच्या दिवसांत मला भेटले. जिनिंगमध्ये हंगामी काम करणारे, स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. म्हणाले, "सर, पोरगी कॉम्प्युटर शिकन म्हन्ते. शाळेत शिकन बी. पन घरी सराव काह्यावर करन? चाळीस हजाराचं मशीन मी कोठून आनू?" मुलगी हुशार होती. परंतु प्रयोगशाळा पाच वाजता बंद होणार आणि गावाकडची बस त्याच्याही आधी सुटणार. घरी वडिलांचा एक मोबाइल आणि चुलत्याने टाकून दिलेला एक जुना लॅपटॉप, एवढीच सामग्री. त्या दिवशी मी त्यांना "पाहू, काही तरी मार्ग निघेल" असे गोलमोल उत्तर दिले. ते उत्तर मनाला टोचत राहिले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या पालकांना द्यायचे राहून गेलेले नीट उत्तर आहे, असे समजावे.

उत्तर थोडक्यात असे. सराव करायला प्रत्येक घरी नवा संगणक लागत नाही. एक सशक्त संगणक संस्थेत असावा, त्यावर लिनक्स असावे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या जुन्या यंत्रावरून त्या संगणकावर काम करावे. खरी गणिते, खरे प्रोग्रॅम सर्व संस्थेतील संगणकावर चालतात. घरच्या यंत्राकडे फक्त दोन कामे उरतात: तिकडचे चित्र इकडे दाखवणे आणि इकडची कळ व माउसची हालचाल तिकडे पोचवणे. ही दोन कामे करणाऱ्या प्रोग्रॅमला क्लायंट म्हणतात. बारा वर्षांचा म्हातारा लॅपटॉपही एवढे काम आनंदाने करतो.

लिनक्सच का, असे कोणी विचारील. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि तो जगापुढे खुला ठेवला. त्याला प्रतीमागे पैसे पडत नाहीत. त्याची नक्कल करण्याची, आतला मजकूर वाचण्याची आणि त्यात दुरुस्ती करण्याची परवानगी परवान्यातच लिहिलेली आहे. शिवाय एकाच वेळी अनेकांनी एका संगणकावर काम करावे, ही सोय त्याच्या घडणीतच आहे. गरीब शाळेला या तिन्ही गोष्टी सोयीच्या आहेत.

दुरून पडदा पाहण्याची कल्पना तर लिनक्सपेक्षाही जुनी आहे. १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत रॉबर्ट शायफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो या पद्धतीचे काम सुरू केले. तेथेही अडचण आपल्यासारखीच होती. विद्यापीठात निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे होती आणि विद्यार्थ्याने कोणत्याही यंत्रासमोर बसावे, त्याला आपले काम मिळावे, असे त्यांना हवे होते. प्रोग्रॅम एका यंत्रावर चालेल आणि त्याची खिडकी दुसऱ्याच यंत्राच्या पडद्यावर उमटेल, ही व्यवस्था त्यांनी बसवली. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती आली, आणि पुढे अनेक वर्षे लिनक्सचा बहुतेक सर्व चित्रव्यवहार याच आवृत्तीवर चालला.

मात्र ही पद्धत एका इमारतीत चांगली चालते, गावे ओलांडताना रखडते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समजा, अकोल्याच्या एका गृहस्थाला अमरावतीत मुलीचे लग्न करायचे आहे. तो एका मुलाला बसने पाठवतो, "शादीखान्याचे भाडे विचारून ये." मुलगा शंभर किलोमीटर जातो, शंभर किलोमीटर परत येतो. मग, "आता खुर्च्या किती ते विचारून ये." पुन्हा तोच फेरा. रस्ता कितीही रुंद केला तरी या गृहस्थाचे काम लवकर होणार नाही, कारण दोष रस्त्याच्या रुंदीत नाही, फेऱ्यांच्या संख्येत आहे. एक्स पद्धतीतील प्रोग्रॅम असाच वागतो. खिडकी उघडण्याआधी तो पडद्याला शेकडो प्रश्न विचारतो आणि बऱ्याच प्रश्नांच्या उत्तरासाठी थांबून राहतो. शाळेच्या आतल्या जाळ्यात एक फेरा सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात होतो. मोबाइलच्या जाळ्यावर त्याच फेऱ्याला ऐंशी हजारांश सेकंद लागले, तर दोनशे फेऱ्यांना सोळा सेकंद होतात. एवढा वेळ पांढरा पडदा पाहून कोणते मूल कंटाळणार नाही?

यावर दोन उपाय निघाले. पहिला २००३ च्या सुमारास जान फिलिप्पो पिंझारी या इटालियन अभियंत्याच्या नोमशीन कंपनीने आणला. त्याचे नाव एनएक्स. त्यांनी दोन्ही टोकांना एकेक जाणता माणूस बसवला म्हणा ना! अलीकडचा जाणता पुष्कळशा प्रश्नांची उत्तरे जागच्या जागी देतो, एकदा आलेली चित्रे जपून ठेवतो आणि फक्त नवे तेवढेच दाबून, लहान करून रस्त्यावर पाठवतो. या कंपनीने आपल्या तंत्राचा गाभा प्रारंभी खुला ठेवला होता. चौथ्या आवृत्तीपासून तो बंद केला. परंतु आधीची आवृत्ती खुल्या परवान्यात दिलेली असल्यामुळे ती कोणाला परत घेता आली नाही. हाइन्झ ग्रेसिंग आणि ओलेक्सांद्र श्नायडर यांनी जर्मनीत सुरू केलेल्या एक्सटूगो या प्रकल्पाने ती सांभाळली आणि पुढे चालवली. विद्यार्थी मित्रहो, परवाना हा वकिलांनी वाचायचा कागद आहे, असे समजू नका. दार उद्या उघडे राहणार की नाही, हे त्या कागदावर ठरते.

दुसरा उपाय केंब्रिज येथील ऑलिव्हेटीच्या संशोधनशाळेत निघाला आणि १९९८ साली लोकांसाठी खुला झाला. त्याचे नाव व्हीएनसी. त्याचा विचार फार सरळ आहे. प्रोग्रॅमने काय विचारले, या भानगडीत पडायचेच नाही. पडद्यावर जे दिसते त्याचे ठिपके मोजायचे आणि जो भाग बदलला तेवढ्याच भागाचे चित्र पाठवायचे. पुढे ती संशोधनशाळा २००२ साली बंद झाली, पण पद्धत जिवंत राहिली. आज तिच्या नियमांची पुस्तिका आरएफसी ६१४३ या क्रमांकाने कोणालाही मोफत वाचता येते. याच पुस्तिकेकडे मी नंतर परत येणार आहे, कारण आपल्या अक्षराची कहाणी तिच्यात आहे.

आता क्लायंट तयार करण्याच्या कामाकडे वळू. एकाच यंत्रावर चालणारा क्लायंट लिहिणे फारसे कठीण नाही. कष्ट आहेत ते तोच क्लायंट विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड या सर्वांवर सारखा चालवण्यात. कुशल कारागीर येथे एक युक्ती करतात. सर्व यंत्रांना समान असा गाभा एकदाच लिहायचा: जोडणी करणे, ओळख पटवणे, चित्र उलगडणे. आणि जेथे यंत्रे एकमेकांशी जुळत नाहीत, तेवढाच पातळ थर प्रत्येकासाठी वेगळा लिहायचा. एक्सटूगोचा क्लायंट सी प्लस प्लस भाषेत आणि क्यूटी नावाच्या साहित्यपेटीवर बांधलेला आहे. क्यूटीची बटणे आणि खिडक्या सर्व यंत्रांवर उमटतात. तरीही प्रत्येक घरचे पाहुणेपण वेगळे असते. लिनक्सवर एक्सचा पडदा बहुधा आधीपासून असतो. विंडोजवर तो नसतो, म्हणून क्लायंटला आपला पडदा शिदोरीसारखा बरोबर न्यावा लागतो. मॅकवर तो वेगळा बसवून घ्यावा लागतो. मोबाइलवर तर माउसच नाही, बोट आहे. आणि बोटाला उजवी कळ नसते.

अशा शंभर बारीक गोष्टी. आवाज, छपाई, फाइलींची देवाणघेवाण, लहानमोठे पडदे. एका यंत्रावर दुरुस्ती केली की दुसऱ्यावर काही तरी मोडते. त्यामुळे या धंद्यात बुद्धीइतकीच चिकाटी लागते, आणि प्रत्येक बदलानंतर सर्व यंत्रांवर पुन्हा पुन्हा तपासणी करण्याची सवय लागते. दरी विणणारा कारागीर एक धागा चुकला तर चार ओळी उसवतो आणि पुन्हा विणतो. ती शिस्त येथे हवी.

आता अक्षराची गोष्ट. वाचकहो, या व्याख्यानातील माझे मुख्य म्हणणे येथे आहे.

व्हीएनसीच्या त्या पुस्तिकेत क्लायंटने पाठवायचे संदेश फक्त सहा प्रकारचे सांगितले आहेत. त्यांपैकी एक आहे कळ दाबल्याचा. दुसरा आहे, इकडे नकललेला मजकूर तिकडे चिकटवता यावा म्हणून पाठवण्याचा. या दुसऱ्या संदेशाविषयी मूळ नियम असा की मजकूर लॅटिन-१ या अक्षरसंचातलाच असला पाहिजे. लॅटिन-१ मध्ये जागा आहेत ० ते २५५, म्हणजे एकूण २५६. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन यांची अक्षरे त्यात बसतात. आपल्या 'ळ'चा जागतिक क्रमांक, ज्याला युनिकोड क्रमांक म्हणतात, तो आहे २३५५. उर्दूच्या 'टे'चा क्रमांक आहे १६५७. म्हणजे मूळ नियमाप्रमाणे मराठी निबंधाचा किंवा उर्दू मजमूनाचा एक परिच्छेद अलीकडून नकलून पलीकडे चिकटवायला गेले, तर आपले एकही अक्षर पोचणार नव्हते. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत, किंवा काहीच उमटत नसे.

हा नियम करणाऱ्यांच्या मनात आपल्याविषयी वाईट काहीही नव्हते. त्यांनी आपल्या टेबलावर जे लिहिले जात होते त्याचा विचार केला. त्या टेबलाभोवती 'ळ' लिहिणारा कोणी नव्हता, 'टे' लिहिणारा कोणी नव्हता. पुढे निरनिराळ्या देशांतील प्रोग्रॅमरांनी या नियमाला पुरवणी जोडली आणि आता चांगल्या क्लायंटांमधून सर्व लिप्यांचा मजकूर जातो. परंतु पुरवणी दोन्ही बाजूंना असेल तरच. एका बाजूचा प्रोग्रॅम जुना असला की अक्षर अर्ध्या वाटेत गळते, आणि मुलाला वाटते की आपलेच काही तरी चुकले.

कळफलकाचीही तीच कथा. कळ पलीकडे पोचवण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत क्लायंट सांगतो, "अमुक जागेवरची कळ दाबली." अशा वेळी दोन्हीकडे एकच कळफलक नेमलेला असावा लागतो. अलीकडे मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि पलीकडे इंग्रजी असेल तर 'क' दाबून भलतेच उमटते. दुसऱ्या रीतीत क्लायंट सांगतो, "अमुक अक्षर लिहिले." व्हीएनसीची रीत ही आहे. इंग्रजी अक्षरांना जुने छोटे क्रमांक आहेत. देवनागरीसाठी असे जुने क्रमांक नव्हते, म्हणून नियम असा झाला की १,६७,७७,२१६ या संख्येत अक्षराचा युनिकोड क्रमांक मिळवून पाठवावा. म्हणजे 'ळ' पाठवायचा तर क्लायंटने १,६७,७९,५७१ ही संख्या पाठवली पाहिजे. विद्यार्थ्यांनी ही बेरीज घरी करून पाहावी. ज्याने क्लायंट लिहिताना ही बेरीज केली नाही, त्याच्या क्लायंटमधून मराठी जात नाही. एवढी लहान गोष्ट!

मोबाइलवर आणखी एक गंमत आहे. तेथील कळफलक कळी दाबल्याचे सांगतच नाही, तो अख्खा शब्द एकदम हातात ठेवतो. 'विद्यार्थी' या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने दहा चिन्हे आहेत, कारण काना, वेलांटी आणि पाय मोडण्याचे चिन्हही वेगळे मोजले जाते. क्लायंटने ती दहाही चिन्हे त्याच क्रमाने पाठवली पाहिजेत. एक पायमोड हरवला की पलीकडे 'विदयार्थी' उमटतो. परदेशात बसलेल्या प्रोग्रॅमरला हा दोष दिसतच नाही. त्याला दोन्ही शब्द सारखेच अनोळखी. तो दोष अकोटच्या किंवा अचलपूरच्या आठवीतल्या मुलीला पाहताक्षणी दिसेल.

उर्दूच्या बाबतीत दूरच्या संगणकाचा एक मोठा फायदाही सांगितला पाहिजे. नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे, उतरत्या वळणाने चालते आणि ती नीट उमटवण्यास चांगला फाँट लागतो. प्रत्येकाच्या घरच्या यंत्रावर तो बसवत बसणे हे डोकेदुखीचे काम. दूरच्या डेस्कटॉपमध्ये फाँट फक्त संस्थेच्या संगणकावर एकदा बसवला की पुरे. अक्षरांची जुळणी तिकडेच होते आणि घरी येते ते तयार चित्र. मात्र येथेही क्लायंट लिहिणाऱ्याने जपून वागावे लागते. रस्ता अरुंद म्हणून चित्र फार दाबले तर ते धुरकट होते. इंग्रजी अक्षर धुरकट झाले तरी वाचता येते. उर्दूत 'बे'ला खाली एक नुक्ता आणि 'पे'ला तीन. नुक्ते एकमेकांत मिसळले की शब्दाचा अर्थच बदलतो. म्हणून मजकुराचा भाग न बिघडवता पाठवावा, फोटोचा भाग दाबावा, असा विवेक क्लायंटने ठेवावा. हा विवेक यंत्रात आपोआप येत नाही. ज्याला नुक्त्याची किंमत ठाऊक आहे, त्याने तो घालावा लागतो.

आता कोणी म्हणेल, हे सर्व परदेशातल्या मोठ्या लोकांचे काम. आमच्या वऱ्हाडातल्या मुलांनी करायचे काय? तर आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण घ्या. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक कन्नन मौद्गल्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटे उपकरण तयार केले. एका पट्टीवर तापणारी तार, तिला थंड करणारा पंखा आणि तापमान मोजणारा संवेदक, एवढेच त्याचे साहित्य. अशी उपकरणे त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत मांडली आणि दूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने वेळ राखून घ्यावी, आपल्या गावी बसून इंटरनेटवरून तो पंखा व ती तार चालवावी आणि नियंत्रणशास्त्राचा प्रयोग करावा, अशी सोय उभी केली. तेथेही प्रश्न हाच आला: विद्यार्थ्याकडे विंडोज असेल, लिनक्स असेल, दोघांनाही प्रयोग करता आला पाहिजे. याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीतही ध्वनिचित्रफितींच्या रूपाने उपलब्ध केले आहेत. ते शिकायला मुंबईला जावे लागत नाही.

आपल्या विभागातही शिक्षणाची वाण नाही. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालचे आहे. शेगाव आणि बडनेरा येथील अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ सालची. परंतु या कामाची पदवीशी बांधीलकी नाही. अकरावीतील विद्यार्थीही आरंभ करू शकतो. कसा, ते सांगतो.

पहिली पायरी: एका जुन्या संगणकावर लिनक्स बसवावे आणि दुसऱ्या यंत्रावरून त्यात प्रवेश करून पाहावा. या सुरक्षित प्रवेशाच्या पद्धतीला एसएसएच म्हणतात. ती १९९५ साली फिनलंडमधील तातु यलोनेन यांनी तयार केली. दुसरी पायरी: तयार क्लायंट वापरून मराठी आणि उर्दूत दहा ओळी लिहाव्यात आणि काय चुकते ते वहीत टिपावे. तिसरी पायरी: पायथन भाषेत स्वतःचा लहानसा व्हीएनसी क्लायंट लिहावा. जोडणी होताच सर्व्हर बरोबर बारा अक्षरांचा एक संदेश पाठवतो, त्यात आपल्या नियमांची आवृत्ती सांगतो. ती बारा अक्षरे आपल्या प्रोग्रॅमने वाचून पडद्यावर दाखवली, तरी पहिला दिवस सार्थकी लागला असे समजावे. चौथी पायरी: वहीतले दोष त्या त्या प्रकल्पाच्या लोकांना स्वच्छ शब्दांत कळवावेत. कोणते यंत्र, कोणती आवृत्ती, काय दाबले, काय उमटायला हवे होते आणि काय उमटले. असा एक नेटका अहवाल हीसुद्धा सॉफ्टवेअरची निर्मितीच आहे. पाचवी पायरी, म्हणजे दुरुस्ती स्वतः करून पाठवणे, ती मग फार उंच वाटत नाही.

आणि काम संपलेले नाही, हेही ध्यानात ठेवा. लिनक्सची जुनी एक्स पद्धत मागे पडून २००८ साली सुरू झालेली वेलँड ही नवी पद्धत तिची जागा घेत आहे. त्यामुळे दूरच्या डेस्कटॉपची जुनी साधने पुन्हा नव्याने घडवावी लागत आहेत. नियम जेव्हा नव्याने लिहिले जातात, तेव्हाच टेबलाजवळ जागा मिळते. या खेपेस आपली मुले तेथे असावीत.

आता पालकांसाठी आणि संस्थेच्या कार्यकारी मंडळासाठी दोन शब्द व्यवहाराचे. हलका डेस्कटॉप निवडला तर एका विद्यार्थ्याला साधारण एक ते दीड जीबी स्मृती पुरते. म्हणजे बत्तीस जीबीचा एक संगणक वीस विद्यार्थ्यांचा सराव सांभाळू शकेल. जुनी यंत्रे भंगारात काढू नयेत. अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पाने अनेक शाळांतील जुन्या यंत्रांना याच रीतीने कामाला लावले. परंतु दुसरी बाजूही सांगतो. सगळी भिस्त एका यंत्रावर असली म्हणजे ते बंद पडले की वीसही मुले बसून राहतात. वीज गेली तर काय, याची तरतूद हवी. अकोल्याचा मे महिना आपण जाणतो. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा त्या खोलीला थंड ठेवावेच लागेल. रोजच्या कामाची दुसरी प्रत वेगळी ठेवावी लागेल. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तासभर प्रोग्रॅम लिहिणे डोळ्यांना जाचक आहे. त्याला साधा कळफलक जोडावा आणि शक्य तेथे जुना लॅपटॉपच द्यावा.

सुरक्षिततेविषयी विशेष सांगतो. दूरचा पडदा ही अमानत आहे. मुलाने आपला परवलीचा शब्द मित्रालाही देऊ नये. तसेच कोणी अनोळखी माणूस फोन करून "बँकेतून बोलतो, हे ॲप घ्या आणि क्रमांक सांगा" म्हणाला, तर समजावे की तो तुमच्या मोबाइलचा पडदा दुरून आपल्या ताब्यात घेऊ पाहत आहे. अशा ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना सावध केले होते. तंत्र तेच आहे. दार आपण, आपल्या माणसासाठी, ओळख पटवून उघडले तर विद्या आत येते. न पाहता उघडले तर चोर येतो. ज्या घरातल्या मुलाला हे तंत्र आतून ठाऊक असेल, त्या घराला फसवणे सोपे जाणार नाही.

त्या पालकांना आज मी असे सांगेन: भाऊ, चाळीस हजारांचे मशीन आणू नका. चुलत्याचा जुना लॅपटॉप घेऊन या, त्यावर क्लायंट बसवून देण्याचे काम आमचे. तुम्ही एवढेच करा की संध्याकाळी मगरिबनंतर एक तास मुलीला घरकामातून मोकळे ठेवा आणि तो तास तिचा आहे, असे घरातल्या सर्वांना सांगा. कार्यकारी मंडळाला माझी विनंती आहे की पुढील वर्षाच्या खर्चात वीस नवी यंत्रे मांडण्याऐवजी एक चांगला सर्व्हर, त्याची विजेची सोय आणि संध्याकाळी तो सांभाळणारा एक माणूस, एवढ्याची तरतूद करावी. सुरुवात दहा विद्यार्थ्यांपासून करावी. त्यांपैकी निम्म्या मुली असाव्यात.

आपल्याकडे विहीर खोदणे, मुसाफिरासाठी पाण्याची सोय करणे याला सदका-ए-जारिया मानतात. माणूस गेल्यावरही पाणी वाहत राहते आणि पुण्यही चालू राहते. खुल्या परवान्यातील प्रोग्रॅममध्ये आपल्या मुलाने केलेली एक दुरुस्ती मला त्याच जातीची वाटते. आज तिने 'ळ' आणि 'टे' नीट पलीकडे पोचवले, तर उद्या बाळापूरच्या, औरंगाबादच्या, लखनौच्या कोणा अनोळखी मुलाचा निबंध न गळता पोचेल. त्याला हे कोणी केले ते कळणारही नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुना संगणक पडून असेल, त्यांनी तो संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावा, आणि ज्या विद्यार्थ्यांना ती बारा अक्षरे वाचून पाहायची असतील त्यांनी सुटीच्या दिवशी येऊन भेटावे.